प्रणयकथेचे उपप्रकार आणि परीक्षकाचे गुणपत्रक : प्रेमाला किती गुण, बाकीच्याला किती?

कोरेपान (धागा)

प्रणयकादंबऱ्यांच्या हस्तलिखितांसाठी असलेल्या एका स्पर्धेत मी मागच्या वेळी भाग घेतला होता. स्पर्धेचे नाव सांगत नाही, कारण माझा प्रश्न त्या आयोजकांपुरता मर्यादित नाही. माझी प्रवेशिका ‘रोमँटिक सस्पेन्स’ या विभागात होती आणि पहिली तीन प्रकरणे व कथासार एवढेच पाठवायचे होते. निकालाबरोबर तिन्ही परीक्षकांची गुणपत्रके हाती आली : शंभरपैकी ९२, ८८ आणि ५४.

पहिल्या परीक्षकांनी लिहिले होते की रहस्यामुळे दोघांना एकमेकांकडे पाहायला उसंत मिळत नाही आणि नेमकी तीच ओढ वाचकाला पुढे नेते. तिसऱ्यांचा शेरा असा होता : ‘प्रेमकथा दुय्यम वाटते. नायक-नायिका एकत्र असतानाही दोघांच्या मनात खुनाचाच विचार आहे.’ आता खून झालेला आहे, खुनी मोकळा आहे आणि नायिका एकमेव साक्षीदार आहे. अशा वेळी तिने दुसरा कसला विचार करावा, हे मला अजून कळलेले नाही.

राग ओसरल्यावर मी गुणपत्रक पुन्हा वाचले. त्यात ‘नायक-नायिकेतील भावनिक ताण’ या रकान्याला वीस गुण होते, ‘अंतर्गत संघर्ष’ याला पंधरा आणि ‘कथानक’ याला दहा. हेच गुणपत्रक समकालीन, ऐतिहासिक, अतिमानुष अशा सगळ्या विभागांना लावले होते. तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे : उपप्रकार वेगळे ठेवायचे आणि मोजपट्टी एकच वापरायची, तर विभाग पाडण्याचा उपयोग काय? परीक्षण केलेल्यांनी आणि प्रवेशिका पाठवलेल्यांनी, दोघांनीही लिहावे.

जुनीपरीक्षक

मी बरीच वर्षे हस्तलिखितांच्या पहिल्या फेरीचे परीक्षण करते आहे. पहिली फेरी म्हणजे अनुभवी आणि नवख्या लेखकांनी एकमेकांना वाचण्याची फेरी. अंतिम फेरीत पुष्कळदा प्रकाशनसंस्थेचे संपादक किंवा साहित्यिक एजंट असतात आणि त्यांची नजर निराळी असते. ‘हे मी विकत घेईन का’ हा त्यांचा प्रश्न असतो. आमचा प्रश्न ‘हे जमले आहे का’ एवढाच असायला हवा, पण तो तसा राहत नाही, हे आधीच कबूल करते.

उपप्रकार म्हणजे लेखकाने पहिल्याच पानावर वाचकाला दिलेला शब्द असतो, असे मी धरून चालते. परीक्षकाने तो शब्द पाळला गेला की नाही ते पाहायचे, आपल्याला कोणता शब्द आवडला असता ते नव्हे. समकालीन कथेत शब्द असा असतो की या दोन माणसांच्या स्वभावातच पुरेसे नाट्य आहे, बाहेरून वादळ आणायची गरज पडणार नाही. म्हणून तिथे संवाद आणि अंतर्गत संघर्ष यांना जास्त गुण देणे रास्त आहे. अतिमानुष कथेत शब्द असा असतो की या जगाचे नियम वेगळे आहेत आणि त्या नियमांमुळेच हे प्रेम अवघड होणार आहे. नायक रक्तपिपासू आहे, पण त्याने कथेत काहीच अडत नाही, तो फक्त रात्री हिंडतो आणि सुंदर दिसतो, असे असेल तर ती दात लावलेली समकालीन कथा झाली.

तुमच्या विभागासाठी मी एक जुनी कसोटी वापरते. कथेतून प्रेम काढून टाका आणि रहस्य उभे राहते का ते पाहा; मग रहस्य काढून टाका आणि प्रेम उभे राहते का ते पाहा. दोन्ही वेळा कथा कोसळली पाहिजे. रहस्य एकट्याच्या बळावर उभे राहत असेल तर ती रहस्यकथा आहे, जिच्यात दोघे योगायोगाने प्रेमात पडतात. प्रेम एकट्याच्या बळावर उभे राहत असेल तर खून केवळ सजावटीपुरता आहे. तुमच्या तिसऱ्या परीक्षकांचा शेरा उद्धट आहे आणि अर्धवटही आहे, पण त्यांना काहीतरी खुपले असावे. तुमच्या तीन प्रकरणांत नायिकेने नायकामुळे, म्हणजे दुसऱ्या कोणामुळे नव्हे तर त्याच माणसामुळे, एखादा निर्णय बदलला आहे का? असेल तर ५४ गुण अन्यायाचे आहेत. नसेल तर ९२ देणाऱ्यांनी तुमच्यावर प्रेमापोटी उपकार केले आहेत.

तळटीप

गुणपत्रक एकच का असते, याला इतिहास आहे. अमेरिकेत १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेने प्रणयकादंबरीची जी व्याख्या रूढ केली, तिच्यात दोनच अटी आहेत : प्रेमकथा मध्यवर्ती हवी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशावादी हवा. काळ, स्थळ, सूर, शृंगाराचे प्रमाण यांबद्दल ती व्याख्या काहीही सांगत नाही. ते सगळे उपप्रकारांवर सोडलेले आहे. म्हणजे या व्याख्येतून निघालेले कोणतेही गुणपत्रक आधी ‘ही प्रणयकथा आहे का’ हे विचारणार आणि मग ‘ही कोणत्या जातीची आहे’ हे विचारणार. पहिला प्रश्न सगळ्यांना सारखा असल्यामुळे आयोजकांना वाटते की बाकीचेही सारखे चालतील.

या संस्थेचे प्रकाशित पुस्तकांसाठीचे पुरस्कार १९८२ पासून ‘गोल्डन मेडॅलियन’ या नावाने दिले जात. १९९० मध्ये संस्थेच्या पहिल्या अध्यक्ष रीटा क्ले एस्ट्राडा यांच्यावरून त्यांना ‘रीटा’ हे नाव मिळाले. अप्रकाशित हस्तलिखितांसाठी ‘गोल्डन हार्ट’ ही वेगळी स्पर्धा होती. ती २०१९ पर्यंत चालली. विभागांची यादी मात्र कधीच स्थिर राहिली नाही. रीजन्सी काळातील, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधील कथांसाठी एकेकाळी स्वतंत्र विभाग होता, तो पुढे ऐतिहासिक कथांमध्ये मिसळून गेला. समकालीन कथांची तर लांबीनुसार विभागणी झाली. ज्यात प्रेमकथा महत्त्वाची आहे पण मध्यवर्ती नाही, अशा कादंबऱ्यांचा विभाग काढून टाकल्यावर मोठा वाद झाला. त्याच सुमारास, २०१३ मध्ये, ‘विमेन्स फिक्शन रायटर्स असोसिएशन’ ही निराळी संघटना उभी राहिली. विभाग ठेवणे किंवा काढणे म्हणजे कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे ठरवणे आहे, हे यावरून दिसते.

ब्रिटनमधील ‘रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन’ १९६० पासून आहे आणि तिची पद्धत मला जास्त मोकळी वाटते. तिथल्या पुरस्कारांत कुटुंबगाथा, विनोदी प्रणयकथा, रोमँटिक थ्रिलर असे विभाग आहेत आणि पहिल्या फेरीचे वाचन लेखकांऐवजी सामान्य वाचक करतात. लेखक परीक्षक झाला की तो मनातल्या मनात समोरचे हस्तलिखित स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहू लागतो. वाचक तसे करत नाही. तो कंटाळतो किंवा वाचत राहतो.

दौत

वरील दोन्ही प्रतिसाद उपप्रकारांना फार पवित्र मानतात, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. हे उपप्रकार मुळात कपाटांसाठी तयार झाले आहेत. मिल्स अँड बून ही संस्था १९०८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती सर्व प्रकारची पुस्तके छापत असे. प्रणयकथांवरचा भर पुढे वाढत गेला. हार्लेक्विन १९४९ मध्ये कॅनडात सुरू झाली आणि १९७१ मध्ये तिने मिल्स अँड बून विकत घेतली. त्यानंतरच्या काळात पुस्तकांच्या ठरावीक मालिका, प्रत्येक मालिकेची ठरावीक लांबी, ठरावीक सूर आणि ठरावीक मुखपृष्ठ ही व्यवस्था पक्की होत गेली. वाचकाला तोच अनुभव पुन्हा हवा असतो आणि प्रकाशकाला तो पुन्हा विकायचा असतो. त्यात काही गैर नाही. पण कपाटावरची चिठ्ठी ही वाङ्मयीन कसोटी कशी होऊ शकते?

परीक्षकाने ‘शब्द पाळला का’ एवढेच पाहिले, तर शब्द मोडून काहीतरी मोठे करणारा लेखक पहिल्याच फेरीत बाद होईल. मी स्वतः अशी एक प्रवेशिका वाचली होती. तिच्यात नायिका साठीच्या पुढची होती, पहिले लग्न अजून कायद्याने मोडलेले नव्हते, आणि ती व तिचा मित्र शेवटपर्यंत वेगवेगळ्या घरांत राहत होते. माझ्या सहपरीक्षकांनी शेवट ‘समाधानकारक नाही’ म्हणून गुण कापले. मला तो अत्यंत समाधानकारक वाटला. दोघांनी एकमेकांना मोकळे ठेवण्याचे ठरवले होते आणि त्यात माघार नव्हती. समाधान कोणाचे मोजायचे?

जुनीपरीक्षक

दौत, तुमच्या त्या प्रवेशिकेला मीही चांगले गुण दिले असते. व्याख्येत ‘आशावादी’ असे म्हटले आहे. ‘लग्न’ किंवा ‘एकाच घरात’ असे कुठेही म्हटलेले नाही. तुमच्या सहपरीक्षकांनी व्याख्येत स्वतःची भर घातली. कपाटाबद्दल मात्र सहमत नाही. कपाट वाचकाच्या अपेक्षेमुळे तयार होते आणि अपेक्षा हा वाङ्मयाचाच भाग आहे. शोकांतिकेच्या प्रेक्षकालाही शेवट ठाऊक असतो, म्हणून कोणी शोकांतिकेला विकाऊ म्हणत नाही.

इतिहासवेडी

ऐतिहासिक विभागाबद्दल लिहिते, कारण तिथला गोंधळ निराळा आहे. तिथे परीक्षक प्रेमापेक्षा चुका मोजत बसतात. चूक सापडली की परीक्षकाला आपण विद्वान असल्याचा आनंद होतो, आणि त्या आनंदाच्या भरात पाच गुण जातात.

रीजन्सीचेच उदाहरण घ्या. काटेकोर अर्थाने हा काळ १८११ ते १८२० असा नऊ वर्षांचा आहे, पण या उपप्रकारात तो दोन्ही बाजूंनी सैल धरला जातो. या काळातील कथेत नायिकेच्या पोशाखाला झिप असेल तर ती चूक आहे, त्यात वाद नाही. झिप विसाव्या शतकात रुळली. पण अशी चूक एका शब्दाने दुरुस्त होते. तिच्यासाठी पाच गुण कापणे म्हणजे खिडकीची काच फुटली म्हणून घराचा पाया नापास करणे आहे.

पायाची चूक वेगळी असते. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाहकायद्यानंतर २१ वर्षांखालील व्यक्तीला परवाना काढून लग्न करायचे असेल तर पालकांची संमती लागत असे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीनला जात. तसेच १८५७ च्या कायद्यापूर्वी पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट हवा असेल तर त्यासाठी संसदेत स्वतंत्र खासगी कायदा करून घ्यावा लागे. ते अतिशय खर्चिक होते आणि बायकांना तर जवळजवळ अशक्य होते. आता १८१५ मध्ये घडणाऱ्या कथेत नायिकेची मोठी बहीण दोन आठवड्यांत घटस्फोट घेऊन मोकळी होत असेल, तर ती केवळ माहितीची चूक राहत नाही. त्या लेखिकेने आपल्या हातातला सर्वांत मोठा अडथळा स्वतःच फेकून दिला आहे. ऐतिहासिक प्रणयकथेत अडथळा काळातून यायला हवा. तो काळात नसेल तर ही कथा त्या काळात घडवण्याची गरजच काय होती, हे परीक्षकाने विचारावे.

याची उलट बाजूही असते. परीक्षकाला चुकीची वाटणारी गोष्ट कधीकधी बरोबर असते. टिफनी हे नाव ऐकायला अगदी आधुनिक वाटते, पण ते ‘थिओफनिया’ या जुन्या नावावरून आलेले आहे आणि मध्ययुगात वापरात होते. मध्ययुगीन कथेतल्या टिफनीवर लाल रेघ मारणारा परीक्षक लेखिकेपेक्षा कमी वाचलेला असतो, आणि तरीही लाल पेन त्याच्याच हातात असते. माझे मत असे आहे की ऐतिहासिक विभागात परीक्षकाने तपशिलाबद्दल शंका नोंदवावी. पण ती स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय गुण कापू नयेत.

गणिती

मी परीक्षक नाही आणि लेखकही नाही. वाचक आहे आणि आकड्यांची आवड आहे. धागाकर्त्यांच्या ९२, ८८, ५४ या गुणांकडे त्या नजरेने पाहावेसे वाटले. तिन्हींची सरासरी ७८ येते. म्हणजे तिघांपैकी एकाही परीक्षकाला जे वाटले नाही, तेच स्पर्धेने निकाल म्हणून जाहीर केले. पुष्कळ स्पर्धांत यासाठी वेगळी तरतूद असते : गुणांमधला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर प्रवेशिका आणखी एका परीक्षकाकडे जाते आणि टोकाचा आकडा बाजूला ठेवला जातो. तुमच्या स्पर्धेत ती होती का?

पाच परीक्षक असतील तर सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुण वगळून मधल्या तिघांची सरासरी काढता येते. समजा एका प्रवेशिकेला दहापैकी ९.२, ८.९, ८.८, ८.५ आणि ४.१ मिळाले. साधी सरासरी ७.९ होते. दुसरीला ८.२, ८.१, ८.१, ८.० आणि ८.० मिळाले, साधी सरासरी ८.०८ होते आणि ती पुढे जाते. टोके वगळली तर पहिलीचे ८.७३ आणि दुसरीचे ८.०७ होतात, क्रम उलटतो. पहिले पुस्तक चौघांना मनापासून आवडले होते आणि एकाला अजिबात आवडले नव्हते, दुसरे कोणालाच नावडले नव्हते. साधी सरासरी बहुतेक वेळा न खुपणाऱ्या लेखनाला पुढे पाठवते.

उपप्रकारांशी याचा संबंध असा आहे की काही विभागांत मतभेद स्वाभाविकपणेच जास्त असतात. शृंगारप्रधान कथा, धार्मिक श्रद्धेवर उभी असलेली कथा, काळोख्या वळणाची कथा यांना टोकाचे आकडे येणारच. सर्व विभागांतून मिळून सर्वोत्तम हस्तलिखित निवडायचे असेल, तर असे विभाग सरासरीमुळेच मागे पडतात.

आणखी एक गोष्ट. एखादा परीक्षक सर्वांनाच ६ च्या आसपास देतो, दुसरा सर्वांनाच ८.५ च्या आसपास देतो, आणि सगळ्यांच्या वाट्याला सारख्या प्रवेशिका येत नाहीत. प्रत्येक परीक्षकाच्या स्वतःच्या सरासरीशी तुलना करून हे सावरता येते. पण त्याने पाचच प्रवेशिका वाचल्या असतील आणि त्या पाचही खरोखर सुमार असतील, तर ही दुरुस्ती उलट अन्याय करते. गणित इथे थोडीच मदत करू शकते.

कोरेपान

गणिती, तशी तरतूद नियमावलीत होती, पण परीक्षक मिळाले नाहीत म्हणून ती वापरली नाही, असे मला कळवण्यात आले. असो.

एक गोष्ट इथे अजून आलेली नाही. आम्ही फक्त सुरुवातीची प्रकरणे पाठवतो. ‘गोल्डन हार्ट’सारख्या स्पर्धेतही कित्येक वर्षे पहिली पन्नास पाने आणि कथासार यांवरच पहिला निकाल लागत असे, असे वाचले आहे. याचा परिणाम सर्व उपप्रकारांवर सारखा होत नाही ना?

जुनीपरीक्षक

अजिबात सारखा होत नाही, आणि याबद्दल बोलायलाच हवे. स्पर्धेत सारख्या प्रवेशिका पाठवणाऱ्या लेखकांची एक शैलीच तयार होते : तिसऱ्या पानावर नायक-नायिका एकमेकांवर आदळतात, पाचव्यावर भांडतात, पंधराव्यावर काही कारणाने एकाच गाडीत किंवा एकाच खोलीत अडकतात. ही पाने घासूनपुसून चकचकीत केलेली असतात. दहा स्पर्धांतल्या शेऱ्यांनी ती इतकी गुळगुळीत होतात की हात ठेवायला जागा उरत नाही. पुढचे पुस्तक मात्र चौथ्या प्रकरणापासून लंगडू लागते, कारण ते कोणी वाचलेलेच नसते.

समकालीन आणि विनोदी कथेला ही पद्धत मानवते, कारण तिथे लवकर भेट घडवणे सोपे असते. शत्रुत्वातून प्रेम, खोटे नाते, सोयीचे लग्न ही कथासूत्रे तर पहिल्या तीन प्रकरणांतच रंगात येतात. बालपणीच्या मैत्रीतून हळूहळू उमलणाऱ्या प्रेमाचे मात्र हाल होतात. तिथे पहिल्या पन्नास पानांत काहीच ‘घडत’ नाही, आणि घडू नये हेच तर त्या कथेचे सौंदर्य असते. अतिमानुष आणि काल्पनिक जगातल्या कथांना आधी ते जग उभे करावे लागते. पॅमेला रेजिस या अभ्यासिकेने २००३ मध्ये प्रणयकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले : सदोष समाज, भेट, अडथळा, आकर्षण, प्रेमाची कबुली, आता सारे संपले असे वाटायला लावणारा प्रतीकात्मक मृत्यू, अडथळा दूर करणारी जाणीव आणि वचनबद्धता. हे घटक कोणत्याही क्रमाने येऊ शकतात, असेही त्यांनी म्हटले आहे. सुरुवातीच्या पन्नास पानांत यांतले फार तर चार दिसतात. म्हणजे परीक्षक निम्मी कथा पाहून पूर्ण गुण देतो आणि उरलेल्या निम्म्यासाठी कथासारावर विसंबतो.

म्हणून मी अलीकडे कथासार आधी वाचते. काही परीक्षक याला फसवणूक मानतात. त्यांना वाचकासारखे कोरे राहायचे असते. पण वाचकाच्या हातात पूर्ण पुस्तक असते. ते माझ्या हातात नसते.

उंबरठा

मी अतिमानुष आणि काल्पनिक जगातील प्रणयकथा लिहिते. आमच्याकडे नवीनच पेच आहे. आता हे लेखन पुष्कळदा अनेक खंडांचे असते आणि एकाच जोडप्याची कथा तिसऱ्या खंडात संपते. पहिल्या खंडाच्या शेवटी नायक कैदेत आहे आणि नायिकेने सिंहासन नाकारले आहे, तर हा शेवट ‘आशावादी’ म्हणायचा का? एका परीक्षकाने मला शेवटच्या रकान्यात शून्य दिले, दुसऱ्याने पूर्ण गुण दिले. नियमावलीत ‘पुस्तक स्वतःपुरते पूर्ण असावे’ असे स्पष्ट लिहिले असते तर मी प्रवेशिकाच पाठवली नसती आणि प्रवेशशुल्क वाचले असते. आयोजकांनी विभागाच्या नावाखाली दोन ओळींचे वर्णन द्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

दौत

शृंगाराबद्दल सगळे जपून लिहीत आहेत, म्हणून मी लिहितो. शृंगारप्रधान विभागात परीक्षकाने एकच पाहावे : त्या प्रसंगानंतर दोघांमधले काही बदलले का? प्रसंग गाळला आणि पुढचे प्रकरण तसेच्या तसे वाचता आले, तर तो प्रसंग कितीही धीट असला तरी निरुपयोगी आहे. आणि ज्या परीक्षकाला असे लेखन वाचणे नको वाटते, त्याने ते वाटप होण्यापूर्वी सांगावे. ‘अनावश्यक’ हा शेरा मारून गुण कापणारे बहुतेकदा स्वतःचा संकोच प्रवेशिकेच्या माथी मारतात. श्रद्धाप्रधान कथांच्या बाबतीत नास्तिक परीक्षकालाही हेच लागू आहे. नायिकेची प्रार्थना त्याला पटण्याची गरज नाही, ती नायिकेला पटलेली दिसली की पुरे.

तळटीप

दौत यांच्या शेवटच्या वाक्याला एक मर्यादा घालावी लागेल, आणि त्यासाठी अलीकडची घटना पुरेशी बोलकी आहे. ‘रीटा’ पुरस्कारांच्या परीक्षणात कृष्णवर्णीय लेखिकांना डावलले जाते, अशी तक्रार अनेक वर्षे होत होती. कृष्णवर्णीय लेखिकांना हा पुरस्कार पहिल्यांदा मिळाला तो २०१९ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थेत मोठा वाद पेटला आणि २०२० ची स्पर्धा रद्द झाली. त्यानंतर ‘रीटा’ बंद करून संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या व्हिव्हियन स्टीफन्स यांच्या नावाने ‘व्हिव्हियन’ पुरस्कार सुरू झाला. या वेळी परीक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले आणि आवडीनिवडीवर चालणाऱ्या गुणांऐवजी निकषांचा तपशीलवार तक्ता वापरला गेला. धागाकर्त्यांना हवी तशीच ही व्यवस्था होती.

२०२१ मध्ये त्याच पुरस्काराच्या पहिल्या वर्षी, धार्मिक किंवा आध्यात्मिक आशयाच्या विभागातील विजेत्या पुस्तकावरून पुन्हा वादळ उठले. त्या कथेच्या आरंभी मूळ अमेरिकन लोकांच्या हत्याकांडात सहभागी असलेला सैनिक नायक म्हणून येतो आणि पुढे पश्चात्तापातून त्याचा उद्धार होतो. तीव्र टीकेनंतर संस्थेने तो पुरस्कार मागे घेतला. तक्त्यातल्या रकान्यांप्रमाणे त्या पुस्तकाला गुण मिळाले होते : श्रद्धेचा प्रवास आहे, अंतर्गत संघर्ष आहे, शेवट आशावादी आहे. या माणसाला नायक म्हणून पाहण्याची किंमत कोणाकडून वसूल केली जाते, याला मात्र त्या तक्त्यात रकाना नव्हता. उपप्रकाराचा शब्द पाळला गेला, असे जुनीपरीक्षक यांच्या कसोटीने म्हणावे लागेल. म्हणून ती कसोटी मला अपुरी वाटते.

जुनीपरीक्षक

तळटीप, हे मला मान्य आहे आणि ते मला बरेच दिवस सतावत राहणार आहे. शब्द पाळला का, याच्या आधी असा शब्द द्यावा का, हा प्रश्न येतो. पण तो प्रश्न गुणपत्रकावर छापला तर प्रत्येक परीक्षक आपापली नीती त्यात ओतेल आणि दौत यांच्या त्या साठीच्या नायिकेला पुन्हा बाद करेल. माझ्याकडे याचे उत्तर नाही. असा प्रसंग आला तर मी गुण देण्यापूर्वी आयोजकांना लिहिते आणि सहपरीक्षकांशी चर्चा मागते; ती दर वेळी मिळत नाही.

कोरेपान

सर्वांचे आभार. मध्यंतरी मी जुनीपरीक्षक यांची कसोटी माझ्या प्रवेशिकेला लावून पाहिली. तिन्ही प्रकरणांची छापील प्रत घेतली आणि नायिका नायकामुळे निर्णय बदलते अशा प्रत्येक जागी पेन्सिलने खूण करायची, असे ठरवले. पहिल्या प्रकरणात एक खूण झाली, दुसऱ्यात दोन. तिसऱ्या प्रकरणात ती त्याच्या गाडीत बसते, तो तिला सुरक्षित घरी नेतो, ती रात्रभर जागी राहते, तो दाराशी बसून राहतो. पंचवीस पाने आहेत. तिथे एकही खूण झाली नाही. त्याच्या जागी गणवेशातला कोणताही अधिकारी बसवला असता तरी एक ओळ बदलावी लागली नसती.

५४ हे गुण मला अजूनही कमी वाटतात. शेराही चुकीचाच होता. दोघांच्या मनात खुनाचा विचार आहे ही अडचण नव्हती. दोघेही तो एकमेकांना वगळून करत होते, ही अडचण होती. ते तिसऱ्या परीक्षकांना जाणवले आणि सांगता आले नाही, ९२ देणाऱ्यांना जाणवलेच नाही. आता त्या रात्रीच्या प्रसंगात ती त्याला एक गोष्ट सांगते, जी तिने पोलिसांच्या जबाबात मुद्दाम सांगितलेली नाही, आणि ती कळल्यामुळे तो स्वतःच्या वरिष्ठांशी खोटे बोलतो. रहस्यही त्यामुळे हलले, हे मला अनपेक्षित होते.

पुढच्या फेरीची मुदत जवळ आली आहे. कथासारात खुनी कोण ते उघड करायचे की नाही, यावर मला परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत.

जुनीपरीक्षक

उघड करा. कथासार म्हणजे मुखपृष्ठामागचा मजकूर नव्हे. आणि खुनी कोण ते सांगताना, ते कळल्यावर त्या दोघांत काय बदलते तेही त्याच परिच्छेदात लिहा.